लालसरी आणि तिसरा रकाना

नोव्हेंबर निम्मा सरला की नाथसागरावर बदकं उतरायला लागतात. जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं, संत एकनाथांच्या नावाने जलाशयाला नाव मिळालं आणि १९८६ मध्ये तो पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हे पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं, पण काठाला बऱ्याच ठिकाणी उथळ आहे. पावसाळ्यात बुडालेली शेतं हिवाळ्यात हळूहळू उघडी पडतात, चिखलात शेवाळ आणि पाणवनस्पती माजतात. बदकांना एवढं पुरतं. मध्य आशिया आणि सैबेरियात बर्फ पडायला लागलं की हिमालय ओलांडून ती इथवर येतात आणि मार्चपर्यंत राहतात.

मी एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, आणि तास रिकामा असला की उर्दूही. बी.एड.ला असताना पर्यावरण नावाचा एक पेपर होता, तो पाठ करून पास झाले. पक्षी मात्र मला फार उशिरा भेटले. शेजारच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांची जुनी दुर्बीण माझ्याकडे देऊन टाकली. म्हणाले, "बाई, आता तुम्ही बघा आणि मला सांगा." तेव्हापासून हिवाळ्यातले रविवार पाण्यावर जातात. फजरची नमाज झाली की स्कूटी काढायची. पैठण जलाशयाच्या पूर्वेला असल्याने सकाळी ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या तोंडावर असतं. संध्याकाळी तिथेच उभं राहिलात तर सगळी बदकं काळी दिसतील. नव्या माणसाला मी पहिली सूचना हीच देते. पुस्तक वगैरे नंतर.

दुसरी सूचना अशी, की लांबचा ठिपका बघून लगेच नाव विचारायचं नाही, तो काय करतोय ते बघायचं. काही बदकं पोट भरताना डोकं पाण्यात घालतात आणि शेपूट आभाळाकडे करतात. तलवार बदक असं करतं, आणि त्या वेळी नुसतं टोकदार शेपूट वर दिसतं. थापट्या आपली पसरट चोच पाण्यावरून झाडूसारखी फिरवत राहतो. ही वरवर चरणारी मंडळी. यांना उडायचं झालं तर पाण्यावरून सरळ वर उसळतात. दुसरी जात डुबकी मारणाऱ्यांची. ती पूर्ण नाहीशी होतात, पाणी मिटतं, आणि कुठून बाहेर येतील ते सांगता येत नाही. यांचे पाय शरीराच्या खूप मागे असतात. पाण्याखाली ते वल्ह्यासारखे चालतात, पण जमिनीवर चाल बेढब होते, आणि उडण्यापूर्वी पाण्यावर पाय आपटत बरंच अंतर धावावं लागतं. पाण्यावर धावत सुटलेला थवा दिसला तर एवढं नक्की, की तो डुबक्यांचा आहे. मग वारकरी आहे की लालसरी, हे पुढे बघता येतं.

वारकरी हा मराठीतला मला सर्वात आवडणारा पक्ष्याचा शब्द आहे. काळा देह, कपाळावर पांढराशुभ्र टिळा, आणि शेकड्यांनी एकत्र चालणं. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते. ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या नावाचा अर्थ समजावावा लागत नाही. आमच्या वर्गातल्या मुलींनीही ती रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलेली असते.

लालसरीची गोष्ट मात्र वेगळी. मी फळ्यावर हा शब्द लिहिला आणि कुणाचं नाव असेल असं विचारलं, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "टीचर, सर मतलब मुंडी. लाल मुंडीवाली." बरोबर. फारसीतला सर म्हणजे डोकं, तोच सरदारात आहे आणि गावच्या सरपंचातही. उर्दू येणाऱ्या मुलीला अर्थ लावायला शब्दकोश लागला नाही. पण मग मी मराठीचं व्याकरणाचं पुस्तक उघडलं. मराठीत काळसर, गोडसर, ओलसर असे शब्द होतात, तसाच लालसर. म्हणजे थोडंसं लाल, लालीकडे झुकणारं. आता लालसरी कुठल्या 'सर'वरून आली? मुलींमध्ये दोन पक्ष पडले. पंधरा मिनिटं भांडण झालं आणि मी ते होऊ दिलं. पाणपक्ष्यांना आपण उर्दूत मुर्गाबी म्हणतो, पाण्यातला पक्षी, आणि ज्याच्या पिसांचा मान आपल्या वाक्प्रचारात अजून टिकून आहे तो सुरखाब म्हणजे मराठीतला चक्रवाक, हेही त्या दिवशी निघालं. शेवटी आठवीतल्या एका मुलीने दोन्ही बाजूंचं समाधान केलं. चित्रात बघून ती म्हणाली, "नर लाल सर, मादी लालसर." मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे. पक्षीशास्त्राच्या दृष्टीनेही ते फारसं चुकीचं नाही.

छोट्या लालसरीचा नर ओळखायला कुणालाही येतो. डोकं आणि मान गडद विटकरी तांबडी, छाती काळी, पाठ आणि कुशी राखाडी, डोळा लाल. दुपारच्या उन्हात डोकं तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखं चमकतं. मोठ्या लालसरीच्या नराचं डोकं त्याहून फिकट, नारिंगी, फुललेलं, आणि चोच लालभडक. शेंडी बदकाचा नर काळा, कुशीवर पांढरा पट्टा, डोळा पिवळा, डोक्यामागे लोंबती शेंडी. या तिघांत गोंधळ होत नाही.

माद्यांचं तसं नाही. सगळ्याच तपकिरी. पुस्तकातही नराचं चित्र मोठं आणि मादीचं कोपऱ्यात, हे माझं जुनं दुखणं आहे. कित्येक हौशी मंडळी नर मोजतात आणि बाकीच्यांपुढे 'इतर बदके' लिहून मोकळी होतात. पण खरं निरीक्षण इथेच सुरू होतं. रंग सोडा आणि डोक्याचा आकार बघा. छोट्या लालसरीचं कपाळ उभं नसतं. डोक्याच्या माथ्यापासून चोचीच्या टोकापर्यंत एक लांब, किंचित आत वळलेला उतार असतो, घाटातून उतरणाऱ्या रस्त्यासारखा. नराला तो आहे, मादीलाही आहे. शेंडी बदकाच्या मादीचं कपाळ उभं आणि डोकं गोल, शेंडीची नुसती खूण असते, डोळा पिवळा. मोठ्या लालसरीची मादी म्हणजे डोक्यावर गडद टोपी आणि खाली फिकट गाल. हे गाल अर्ध्या किलोमीटरवरूनही दिसतात. पांढऱ्या डोळ्याचं म्हणून ओळखलं जाणारं एक तांबूस बदकही या थव्यांत कधीमधी येतं, पण त्याच्या शेपटीखाली स्वच्छ पांढरं असतं. आमच्या छोट्या लालसरीच्या मादीचा डोळा गडद, डोळ्याभोवती आणि मागे फिकट रेघ, कुणीतरी बोटाने पुसल्यासारखी, आणि काळपट चोचीवर राखाडी पट्टा. उडाली तर पंखावर राखाडी पट्टी दिसते. शेंडी बदकाच्या आणि त्या पांढऱ्या डोळ्याच्या बदकाच्या पंखावर ती शुभ्र असते.

ऑक्टोबरच्या शेवटी लवकर येणाऱ्यांत आणखी एक अडचण असते. विणीनंतर नराचीही पिसं झडलेली असतात आणि काही काळ तोही मळकट तपकिरी दिसतो. त्या दिवसांत त्याचा रुबाब काही कामाचा नसतो. डिसेंबरपर्यंत त्याचं डोकं परत तांबडं होतं. तोवर घाई करायची नाही.

घाई करणारी माणसं मला काठावर भेटतात. मागच्या हिवाळ्यात बांधाजवळ तिघे तरुण मोटारसायकल थांबवून माझ्याकडे आले. माझ्या अंगावर काळा बुरखा, गळ्यात दुर्बीण, हातात वही. काय बघताय, कुणाला पाठवता, वहीत काय लिहिलंय, आधार कार्ड आहे का, असे प्रश्न सुरू झाले. मी शुद्ध पुस्तकी मराठीत उत्तरं दिली. ती माझी सवय आहे, आणि खरं सांगायचं तर ढालही आहे. वही दाखवली. त्यात उर्दूत लिहिलेले आकडे होते, त्यामुळे प्रकरण आणखी वाढलं. एकाने मोबाईल काढून माझा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात जाळं सुकवत बसलेले एक मासेमार काका उठून आले आणि म्हणाले, "अरे, त्या पाखरांच्या मास्तरीणबाई हायेत. दर रविवारी येत्यात. जा तुम्ही." ते गेले. काकांनी मला पाणी दिलं. हात थरथरत होते, त्यामुळे अर्धं अंगावर सांडलं.

त्यानंतर दोन रविवार मी गेले नाही. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, कशाला नसती भानगड. अम्मीने तर दुर्बीण कपाटात ठेवून दिली. तिसऱ्या रविवारी मी ती बाहेर काढली, आणि आमचे हे न बोलता सोबत स्कूटीवर बसले. त्यांना बदकांत काडीचा रस नाही. ते बांधावर वर्तमानपत्र वाचत बसतात. आता वहीतले आकडे मी देवनागरीत लिहिते. का लिहिते ते मला माहीत आहे, आणि ते मला आवडत नाही.

असं काही झालं की आमच्यातले लोक एक नाव पुढे करतात, डॉ. सलीम अली. बघा, तेही आपलेच होते. त्यांची ती गोष्ट माझ्याही लाडकी आहे. पोरवयात त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असली विचित्र चिमणी खाणं जायज आहे की नाही असा प्रश्न पडला, म्हणून ते ती मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे घेऊन गेले. मामा पडले शिकारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद. त्यांनी भाच्याला सोसायटीत मिलार्ड यांच्याकडे पाठवलं, आणि तिथे भुसा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडली गेली. हलाल-हरामच्या एका शंकेतून भारताचं पक्षीशास्त्र सुरू झालं असं मी वर्गात सांगते तेव्हा मुली हसतात. पण सलीम अलींचं नाव ओळखपत्रासारखं खिशात घेऊन फिरावं, हे मला पटत नाही. त्यांनी आयुष्यभर पक्षी पाहिले, आपल्या चारित्र्याचा दाखला देण्यासाठी नाही. आणि दाखलेच द्यायचे तर हुमायून अब्दुलालींचं नाव का विसरतो आपण? तितकेच काटेकोर, पण त्यांना ओळखणारी माणसं किती?

औरंगाबादेत, म्हणजे आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगरात, दिल्ली दरवाजाजवळ सलीम अलींच्या नावाचं सरोवर आहे. मोगलांच्या काळी त्याला खिजरी तलाव म्हणत. ख्वाजा खिज्र हे पाण्याचे आणि वाट चुकलेल्यांचे रखवालदार, असं आपली दादी-नानी सांगत आली. एका पाण्याला ही दोन्ही नावं मिळाली, हे मला शोभून दिसतं.

जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाभर गणना होते. आपल्याकडे ती १९८७ पासून चालू आहे. यंदा आठवीच्या मुलींना न्यायचं असं मी ठरवलं. शाळेची परवानगी लवकर मिळाली, घरांची नाही. पाण्याचा काठ, पहाटेची वेळ, मुलीची जात. ज्या मुलीने 'लाल सर, लालसर' केलं तिच्याच घरून नकार आला. मी गेले. अब्बा कामावर होते, अम्मी दाराआड बोलत होती. माझ्याकडे युक्तिवाद तयार होते, ते एकामागून एक संपले. तेवढ्यात आतल्या खोलीतून नानी आल्या. त्यांनी विचारलं, "कौनसी बतख दिखाने ले जा रे?" मी नाव सांगितलं, वर्णन केलं. त्या म्हणाल्या, "वो डुबकीवाली? उसकी पिछली उंगली कू पर्दा रहता."

मी गप्पच झाले. डुबकी मारणाऱ्या बदकांच्या मागच्या बोटाला खरोखरच कातडीची छोटी झालर असते. वरवर चरणाऱ्यांच्या त्या बोटाला नसते. मी ते पुस्तकात वाचलं होतं, जिवंत पक्ष्यावर कधी पाहणं शक्यच नव्हतं. नानींनी पाहिलं होतं, कारण त्यांनी ती बदकं सोलली होती. त्यांचं गाव धरणाखाली गेलं. त्याआधी गोदावरीच्या डोहांवर त्यांचे वडील मुर्गाबी धरायचे, काही बाजारात जायच्या, काही चुलीवर. १९७२ च्या कायद्याने शिकारीवर बंधनं आली, पण तो कायदा त्यांच्या घरापर्यंत पोहोचायला बरीच वर्षं लागली, हे त्यांनीच हसत सांगितलं. डुबकीवालीच्या मांसाला चिखलाचा वास येतो का, हे मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, की येत नाही, ती पानं आणि कंद खाते. हेही खरं आहे. लालसरी गोगलगायी आणि किडेही खाते, पण तिचा बराच भर पाणवनस्पतींवर असतो.

"मै भी आती," नानी म्हणाल्या, आणि परवानगीचा प्रश्न संपला.

त्या सकाळी जीपमध्ये नऊ मुली, नानी, मी आणि आमचे हे. थंडी कडक होती. थवा काठापासून दोनेकशे मीटरवर होता आणि पहिला तासभर त्याने काहीच केलं नाही. लालसरी बरंचसं खाणं रात्री उरकते आणि दिवसा चोच पाठीत खुपसून झोपते, हे मी आधी सांगितलं होतं, पण तेरा वर्षांच्या मुलींना झोपलेली बदकं किती वेळ दाखवणार? कुरकुर सुरू झाली. मग कडेच्या काही जाग्या झाल्या आणि डुबक्या मारू लागल्या. मी एकीला मोबाईलवर सेकंद मोजायला बसवलं. चौदा, सतरा, अकरा, एकोणीस, सोळा. एक बदक खाली गेलं की नऊही जणी श्वास रोखून धरायच्या आणि ते वर आलं की सोडायच्या. हे मी शिकवलं नव्हतं. एकीचा श्वास बाराव्या सेकंदाला सुटला आणि ती म्हणाली, "टीचर, ये जीत गई."

मोजणीसाठी मी वहीत तीन रकाने आखले होते. नर, मादी, नक्की नाही. तिसरा रकाना मुलींना खटकला. परीक्षेत असं उत्तर चालत नाही ना. मी सांगितलं, इथे चालतं, एवढंच नाही तर ते लिहिणं सक्तीचं आहे. दुर्बीण एकच, त्यामुळे पाळ्या लावल्या. सुरुवातीला तिसरा रकाना सर्वांत मोठा होता. मग उतार दिसायला लागला. "टीचर, घाट," असं एकमेकींना सांगत त्या एकेक पक्षी तिसऱ्या रकान्यातून दुसऱ्यात आणू लागल्या.

नर आणि मादी वेगळे मोजायचे, याला कारण आहे. छोटी लालसरी दिसायला अजून पुष्कळ असली तरी जगभरात तिची संख्या घटली आहे, आणि २०१५ मध्ये तिला धोक्याच्या यादीत, संकटग्रस्त होऊ शकणाऱ्यांच्या वर्गात घातलं गेलं. हिवाळ्यात नर थोडे उत्तरेला थांबतात आणि माद्या अधिक दक्षिणेला जातात, हे युरोपात चांगलं अभ्यासलं गेलं आहे. युरोप आणि उत्तर आफ्रिकेतल्या थव्यांत नरांचं प्रमाण आधीच जास्त होतं. १९८९-९० च्या तुलनेत २०१६ मध्ये ते आणखी वाढलेलं आढळलं. म्हणजे कमी होताहेत त्या माद्या. घरट्यावर मादी एकटी बसते, नर तोवर निघून गेलेला असतो, त्यामुळे कोल्ह्या-लांडग्याच्या तोंडी तीच सापडते. मग दक्षिणेकडच्या पाण्यावर हिवाळ्यात किती माद्या उतरतात, ही नोंद मोलाची ठरते. 'इतर बदके' लिहून ती होत नाही.

आणि आमच्या पाण्याचंही काही ठरलेलं राहिलेलं नाही. नाथसागरावर तरंगते सौर पॅनेल बसवायची योजना आहे. मासेमारांच्या वतीने झालेली याचिका हरित लवादाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि मे २०२५ मध्ये तिथेही टिकली नाही. वीज आम्हालाही हवी, उन्हाळ्यात वर्गातले पंखे बंद असतात तेव्हा मीच सर्वांत आधी तक्रार करते. पण पाण्यावर छत आलं तर खाली ऊन पोहोचणार नाही, ऊन नसेल तर वनस्पती नाहीत, आणि डुबकी मारणाऱ्याला तळाशी काय मिळणार? ज्या काकांनी मला त्या दिवशी सोडवलं त्यांच्या जाळ्याचंही काय होईल, याचं उत्तर मला कुठल्या कागदात नीट सापडलेलं नाही.

गणनेच्या दिवशी आमचा आकडा झाला एकशे बारा लालसरी. नर एकेचाळीस, मादी अठ्ठावन्न, नक्की नाही तेरा. नानींनी दुर्बिणीतून बघायला नकार दिला. नुसत्या डोळ्यांनी बघत त्या एवढंच म्हणाल्या, "पहले इत्ते रहते थे, गिनने का काम नै पडता था."

फेब्रुवारीत रमजान लागला. तरी सहेरीनंतर मी दोनदा जाऊन आले. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सदतीस होत्या, त्यातल्या चारच तिसऱ्या रकान्यात. ईदनंतर गेले तेव्हा पाण्यावर फक्त वारकरी आणि टिबुकल्या. मी वहीत तीन शून्यं लिहिली आणि सोमवारी ती वही वर्गात फिरवली. मुली पुढच्या वर्षी नववीत जातील, त्यांना दहावीच्या जादा तासांची भीती आत्तापासून घातली जाते आहे. तरी चौघींनी नावं दिली आहेत. नानींनी निरोप पाठवला आहे, की पुढच्या वेळी जीप थोडी मोठी करा, शेजारच्या दोघी बायकांनाही यायचं आहे.